आयरिश 'बॅन' आणि वैदिक 'ग्ना' : गेलिक भाषांतील स्त्रीवाचक नामाची व्युत्पत्ती व व्याकरण

प्रस्तावना

आयर्लंडमधील एखाद्या जुन्या उपाहारगृहात किंवा रेल्वे स्थानकात स्वच्छतागृहांच्या दारांवर दोन छोटे शब्द लिहिलेले असतात. एकावर 'फिर' आणि दुसऱ्यावर 'म्ना'. दुसऱ्या शब्दाची रोमन अक्षरे एम, एन, ए अशी असल्याने इंग्रजी जाणणाऱ्या परक्या पाहुण्याला ती इंग्रजीतील पुरुषवाचक शब्दाची चुकून उलटसुलट झालेली अक्षरे वाटतात आणि तो बिनदिक्कत त्या दारातून आत शिरतो. 'म्ना' म्हणजे स्त्रिया, हे त्याला आत गेल्यावर कळते. आयर्लंडमध्ये हा विनोद जुना झालेला आहे. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मात्र या पाटीत एक अवघड प्रश्न दडलेला आहे. आयरिश भाषेत एका स्त्रीला 'बॅन' म्हणतात आणि अनेक स्त्रियांना 'म्ना'. एकवचन व अनेकवचन यांत एकही समान आद्याक्षर नसलेली ही दोन रूपे एकाच शब्दाची कशी असू शकतात?

प्रस्तुत लेखात या एका नामाची व्युत्पत्ती आणि त्याचे व्याकरण यांचा विचार केला आहे. आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि मॅन्क्स या तीन भाषांना मिळून गेलिक भाषा म्हणतात. भारत-युरोपीय भाषाकुलाच्या केल्टिक शाखेचा हा एक फाटा असून वेल्श, कॉर्निश आणि ब्रेटन या भाषांचा फाटा त्याच शाखेतला दुसरा. संस्कृतची विभक्तिरूपे परिचित असलेल्या वाचकाला या नामाचे वेडेवाकडे रूप इंग्रजी वाचकापेक्षा अधिक लवकर उलगडते. इतकेच नव्हे, तर संस्कृतमध्ये पुसट झालेली एक व्युत्पत्ती आयरिश शब्दाच्या प्रकाशात स्पष्ट होते.

केल्टिक भाषांचा भारत-युरोपीय कुलातील प्रवेश

सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या प्रसिद्ध भाषणात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान उगमाबरोबर केल्टिक भाषांचाही उल्लेख केला होता. तरीही पुढील चार-पाच दशके केल्टिक भाषा या कुलात बसतात की नाही याबद्दल शंका घेतली जात होती. शंकेचे कारण शब्दसंग्रहापेक्षा व्याकरणात होते. या भाषांत शब्दाचा आरंभीचा ध्वनीच बदलतो, आणि संस्कृत-ग्रीकच्या अभ्यासकांना हा प्रकार सर्वस्वी परका वाटे. प्रिचर्ड यांनी १८३१ मध्ये, पिक्ते यांनी १८३७ मध्ये आणि फ्रान्झ बॉप यांनी १८३८ मध्ये हा प्रश्न हाताळला. आद्यध्वनीतील हे बदल आधीच्या शब्दाच्या लोप पावलेल्या अंत्य प्रत्ययामुळे घडतात, हे बॉप यांचे स्पष्टीकरण निर्णायक ठरले. संस्कृतमधील संधी दोन शब्दांच्या सीमेवर होतो. आयरिशमध्ये त्या संधीचे कारण नाहीसे झाले आणि परिणाम तेवढा उरला, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही. १८५३ मध्ये त्सॉइस यांचे केल्टिक व्याकरण प्रसिद्ध झाले आणि या अभ्यासाला पक्का पाया मिळाला.

या इतिहासातील एक दुवा थेट भारताशी जोडलेला आहे. डब्लिनमध्ये १८३० साली जन्मलेले व्हिटली स्टोक्स हे पेशाने कायदेपंडित. १८६२ ते १८८२ या काळात ते भारतात होते आणि अखेरच्या काही वर्षांत गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचे विधी सदस्य होते. येथील कायद्यांच्या संहितांचे काम करीत असतानाच त्यांनी प्राचीन आयरिश ग्रंथांचे संपादन चालू ठेवले. कॉर्मक या राजा-बिशपच्या नावावर असलेला, दहाव्या शतकाच्या आसपासचा आयरिश निरुक्तकोश जॉन ओ'डोनोव्हन यांच्या भाषांतरासह स्टोक्स यांनी संपादित केला आणि तो १८६८ मध्ये छापला गेला तो कलकत्त्यात. आयरिश व्युत्पत्तिशास्त्राचा एक आधारग्रंथ हुगळीच्या काठी छापला जावा, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात नाही.

'ब' कोठून आला

प्राचीन आयरिशमध्ये, म्हणजे साधारणतः आठव्या-नवव्या शतकांतील भाषेत, या नामाचे प्रथमा एकवचन 'बेन' असे होते. मूळ भारत-युरोपीय भाषेत या शब्दाच्या आरंभी असलेला ध्वनी 'ब' नव्हता. तो कंठ्य 'ग' आणि ओष्ठ्य 'व' यांचा एकत्र उच्चार होणारा कंठोष्ठ्य ध्वनी होता, सोयीसाठी त्यास 'ग्व' असे लिहिता येईल. केल्टिक शाखेत या ध्वनीतील कंठ्य अंश गळाला आणि ओठांचा अंश बळावून 'ब' झाला. संस्कृतमध्ये उलट घडले. ओठांचा अंश गेला, 'ग' राहिला, आणि पुढे 'ए' किंवा 'इ' हा स्वर असेल तेथे तोच 'ग' तालव्य होऊन 'ज' बनला.

हा नियम एका शब्दापुरता नाही. गाईसाठी आयरिश शब्द 'बो' आहे, संस्कृतमध्ये 'गो'. जिवंत या अर्थी आयरिश 'ब्यो', संस्कृत 'जीव'. दळण्याच्या जात्याला प्राचीन आयरिशमध्ये 'ब्रो' म्हणत, त्याचा वैदिक भाऊबंद 'ग्रावन्' म्हणजे सोम कुटण्याचा दगड. जेथे आयरिशमध्ये 'ब' तेथे संस्कृतमध्ये 'ग' किंवा 'ज' अशी ही नियमबद्ध जोडी आहे. तिच्या आधारे 'बेन' या शब्दाचा संस्कृत प्रतिरूप शोधायचा तर तो 'ज'ने किंवा 'ग'ने सुरू व्हायला हवा. वेदात तसे दोन्ही शब्द सापडतात. 'जनि' म्हणजे स्त्री, पत्नी, आणि 'ग्ना' म्हणजे देवस्त्री, देवपत्नी. अन्य शाखांतही हे कुटुंब पसरलेले आहे. ग्रीकमध्ये 'गुने', त्याच ग्रीकच्या बोईओतियन बोलीत 'बना', गॉथिकमध्ये 'क्विनो', प्राचीन स्लाव्हमध्ये 'झेना', आर्मेनियनमध्ये 'किन', फारसीत 'झन'. इंग्रजीतील राणीवाचक 'क्वीन' हा शब्दही मुळात केवळ 'स्त्री' या अर्थाचा होता. बोईओतियन 'बना' आणि आयरिश 'बेन' यांतील 'ब' एकमेकांपासून उचललेला नाही. दोन्हीकडे तो स्वतंत्रपणे घडला. ध्वनिबदलाच्या वाटा थोड्याच असतात, त्यामुळे दूरच्या दोन भाषा कधी कधी त्याच वाटेने जातात.

येथेच एका मोहापासून सावध राहावे लागते. गुजरातीत स्त्रियांच्या नावांना आदराने 'बेन' जोडतात आणि प्राचीन आयरिशमध्ये स्त्रीला 'बेन' म्हणत. उच्चार सारखा, अर्थही जवळचा. तरीही या दोन शब्दांचा काडीचाही संबंध नाही. गुजराती 'बेन' हा 'भगिनी'पासून 'बहेन' या पायरीने आलेला शब्द आहे, आपल्या 'बहीण'चा सख्खा भाऊ. उलट आयरिश 'बेन' आणि वैदिक 'ग्ना' यांत कानाला एकही साम्य जाणवत नाही आणि ते एकाच शब्दाचे वंशज आहेत. हौशी व्युत्पत्तिकार उच्चारसाम्यावर विसंबतात, तेथे त्यांची फसगत होते ती यामुळेच. दोन शब्दांचे नाते ठरवताना साम्य किती आहे हे दुय्यम, फरक नियमबद्ध आहे की नाही हे महत्त्वाचे.

'बेन' आणि 'म्ना' यांचा संबंध

आता पाटीवरील शब्दाकडे वळता येईल. मूळ भारत-युरोपीय भाषेत नामाच्या विभक्ती चालवताना केवळ प्रत्यय बदलत नसे, तर अंगातील स्वरही बदले किंवा लोप पावे. यास अपश्रुती म्हणतात. संस्कृतच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट नवी नाही. 'राजन्'ची षष्ठी 'राज्ञः' होते, तेव्हा मधला 'अ' गळतो. 'हन्ति' या एकवचनाचे अनेकवचन 'घ्नन्ति' होते, तेव्हा स्वर गळतोच, शिवाय 'ह'च्या जागी 'घ' परततो. कारण 'ह' हा मुळातल्या कंठोष्ठ्य महाप्राण ध्वनीचे स्वरापुढील तालव्य रूप होय. स्वर गेला की तालव्यीकरणाचे निमित्त जाते आणि कंठ्य ध्वनी पुन्हा दिसू लागतो.

'जनि' आणि 'ग्ना' यांचे नाते नेमके असेच आहे. स्वर असलेल्या अंगात 'ज', स्वरलोप झालेल्या अंगात 'ग'. मूळ भाषेत प्रथमेचे रूप सस्वर होते आणि षष्ठीचे रूप स्वरलोप झालेले, 'ग्वनास्' अशा धर्तीचे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातील ३८व्या सूक्ताच्या दहाव्या ऋचेत 'ग्नास्पति' हा समास आलेला आहे. त्यातील 'ग्नास्' हे जुन्या षष्ठी एकवचनाचे गोठलेले रूप मानले जाते. वैदिक भाषेत हे रूप समासातच उरले, स्वतंत्रपणे चालेनासे झाले. ज्या सस्वर-निःस्वर जोडीतून हे दोन शब्द निघाले, ती जोडी फुटून संस्कृतमध्ये 'जनि' आणि 'ग्ना' असे दोन वेगळे शब्द झाले आणि प्रत्येक आपापल्या रीतीने चालू लागला.

आयरिशमध्ये ती जोडी फुटली नाही. प्रथमा 'बेन', षष्ठी 'म्ना'. जुन्या 'ग्वनास्' या रूपाचे केल्टिकमध्ये 'ब्नास्' झाले, अंत्य 'स' गळाला, आणि 'ब्न' या जोडाक्षरातील 'ब' पुढच्या अनुनासिकाच्या प्रभावाने 'म' झाला. ही मधली 'ब्न' पायरी दीर्घकाळ केवळ तर्काने मांडलेली होती. १९८३ मध्ये दक्षिण फ्रान्समधील लॉस्पिताले-द्यू-लार्झाक येथे एका थडग्यात शिशाचा एक कोरीव पत्रा मिळाला. तो इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरचा असावा. त्यावरील गॉलिश भाषेतील मजकूर मंत्रतंत्राचा असून त्यात अनेक स्त्रियांची नावे, कोण कोणाची 'मातिर' आणि कोण कोणाची 'दुख्तिर' हे सांगत, ओळीने दिलेली आहेत. 'दुहितृ' माहीत असलेल्या वाचकाला दुसरा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. याच पत्र्यावर 'ब्नानोम' हे रूप आहे. अर्थ 'स्त्रियांचे', आणि त्याला जोडून आलेला शब्द मंत्रवाचक आहे. प्राचीन आयरिशमधील एका संरक्षक प्रार्थनेतही स्त्रियांच्या मंत्रांपासून रक्षण मागितले आहे आणि तेथे याच दोन शब्दांची आयरिश रूपे एकत्र येतात. व्याकरणकारांनी कागदावर तारांकित करून ठेवलेली पायरी अशा रीतीने जमिनीतून वर आली.

प्राचीन आयरिशमधील या नामाचा चालवण्याचा नमुना पाहिला तर मूळ अंगाच्या तीन अवस्था एकत्र नांदताना दिसतात. प्रथमा एकवचनी 'बेन'मध्ये स्वर शाबूत आहे. षष्ठी एकवचन 'म्ना', चतुर्थी एकवचन 'म्नाइ', प्रथमा व द्वितीया अनेकवचन 'म्ना', चतुर्थी अनेकवचन 'म्नाइव्' यांत स्वर गेलेला आहे. आणि षष्ठी अनेकवचन 'बन'मध्ये मुळातला स्वर नाही, पण 'न'च स्वरवत् उच्चारला जात असल्याने त्याच्या आधारासाठी केल्टिकमध्ये 'अ' आला आहे. द्वितीया एकवचनाचे सर्वांत जुने रूप 'बेन' या अंगावरूनच होत असे, पुढे चतुर्थीच्या प्रभावाने तेथेही 'म्नाइ' आले. द्विवचनही होते, आणि दोन स्त्रिया म्हणताना 'म्नाइ' हेच रूप वापरत. इतकी जुनी रचना इतक्या उशिरापर्यंत एका चालत्या नामात जपली गेल्याचे उदाहरण भारत-युरोपीय कुलात विरळा. थुर्नायझेन यांच्या प्राचीन आयरिश व्याकरणात हे नाम अनियमित म्हणून वेगळे दिले आहे. विद्यार्थ्याच्या सोयीने ते योग्यच, पण इतिहासाच्या दृष्टीने पाहता नियम मोडणारे हे नाम नव्हे. जो नियम बाकी सर्व नामांनी सोडला तो या एकाने पाळला, एवढेच. रोज तोंडात असणारे शब्द असे टिकतात. मराठीतही 'बाई'चे अनेकवचन 'बायका' कसे, हे मराठी बोलणाऱ्याला कधी खटकत नाही. परकीय विद्यार्थ्याला ते पाठ करावे लागते.

प्राचीन आयरिशमध्ये 'बेन'च्या जोडीला 'बे' असाही एक शब्द स्त्री या अर्थी होता. तो काव्यकथांत येतो आणि त्याचे लिंग नपुंसक आहे. एतीनच्या कथेत तिला 'बे फिंद', गोरी स्त्री, असे संबोधलेले आहे. हे रूप मूळ शब्दाच्या अतिप्राचीन अवस्थेचा अवशेष असल्याची मांडणी जे जॅसनॉफ यांनी १९८९ मध्ये 'एरिउ' या नियतकालिकात केली.

'जनि' आणि 'जन्' धातू

वैदिक 'जनि' शब्दाचा अर्थ सांगताना तो 'जन्' म्हणजे उत्पन्न करणे या धातूशी जोडण्याची पद्धत जुनी आहे. कोशांतही तो बहुधा त्याच धातूखाली दिलेला आढळतो. त्यावरून 'स्त्री म्हणजे जन्म देणारी' हा अर्थ भाषेच्या मुळातच आहे, असे विधान व्याख्यानांतून आणि लेखांतून केले जाते. संस्कृतपुरते पाहिले तर त्यास आक्षेप घेणे कठीण. दोन्हीकडे 'जन्' दिसतो आणि अर्थही जुळवता येतो.

आयरिश पुरावा या जुळणीच्या विरुद्ध जातो. संस्कृतमधील 'ज' हा एकाच उगमाचा नाही. एक 'ज' मुळातल्या तालव्य 'ग'पासून आला आणि दुसरा कंठोष्ठ्य 'ग्व'पासून. संस्कृतमध्ये दोन प्रवाह मिसळले आणि वेगळे ओळखता येईनासे झाले. केल्टिकमध्ये ते मिसळले नाहीत. तालव्य 'ग'चा तेथे 'ग'च राहिला आणि कंठोष्ठ्याचा 'ब' झाला. म्हणून जन्मवाचक धातूचे आयरिश प्रतिरूप 'ग'ने सुरू होते. जन्म या अर्थी प्राचीन आयरिश शब्द 'गेन' आहे, लॅटिन 'गेनुस'चा सोयरा. स्त्री मात्र 'बेन'. हे दोन शब्द एका धातूचे असते तर दोहोंचा आरंभ एकच असता. अवेस्ताही हीच साक्ष देते. तेथे जन्मणे या अर्थी 'झन्' आहे आणि स्त्रीवाचक 'जइनि' 'ज'ने सुरू होते. संस्कृत 'जननी' खरोखरच 'जन्' धातूपासून आली आहे, त्याबद्दल वाद नाही. 'जनि' आली नाही. यास्काने 'ग्ना' शब्द 'गम्' धातूपासून साधला आहे, तोही आजच्या तुलनात्मक कसोटीवर टिकत नाही. पण यास्कापुढे आयरिश नव्हती, हे विसरून त्याच्यावर टीका करण्यात अर्थ नाही. 'जनि' आणि 'ग्ना' स्त्रीवाचक शब्दांच्या कोणत्या धातूतून निघाले, असा प्रश्न विचारलाच तर उत्तर असे येते की ज्ञात पुराव्यात त्यामागे कोणताही धातू दाखवता येत नाही. मूळ भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'स्त्री' एवढाच होता.

या कुटुंबाची एक शाखा मराठीतही पोहोचली आहे, पण संस्कृतमार्गे नव्हे. फारसी 'झन'चे अनेकवचन 'झनान', त्यावरून 'झनाना' हे विशेषण, आणि तेथून मराठीतील 'जनाना' व 'जनानखाना'. या शब्दांतील 'ज' मराठीत दंत्य उच्चारला जातो आणि त्यांचा परकेपणा तेथे कानाला अजून जाणवतो. म्हणजे 'जननी' या घरच्या शब्दाचा आयरिश 'बॅन'शी काही संबंध नाही आणि 'जनानखाना' या बाहेरून आलेल्या शब्दाचा आहे.

आधुनिक आयरिशमधील व्याकरण

आधुनिक आयरिशमध्ये चतुर्थीची रूपे गेली, द्विवचन गेले. एकवचनात 'बॅन' व षष्ठी 'म्ना', अनेकवचनात 'म्ना' व षष्ठी 'बन' एवढाच पसारा उरला. अवघडपणा मात्र कमी झाला नाही, कारण उपपदामुळे होणारे आद्यध्वनिविकार त्यावर चढतात. स्त्रीलिंगी नामाच्या प्रथमा एकवचनापूर्वी 'अन' हे उपपद आले की नामाचा आद्य स्पर्शध्वनी घर्षक होतो. त्यामुळे 'ती स्त्री' म्हणताना 'अन व्हॅन' असा उच्चार होतो. षष्ठी एकवचनाचे स्त्रीलिंगी उपपद 'न', म्हणून 'त्या स्त्रीचे घर' यात 'न म्ना' येते. अनेकवचनी प्रथमेतही 'न म्ना'च येते, आणि कोणते रूप कोणते हे वाक्यावरून ओळखावे लागते. षष्ठी अनेकवचनात उपपदाच्या अंती पूर्वी अनुनासिक होते, संस्कृत 'नाम्' प्रत्ययातील 'म्'सारखे. ते गळताना त्याने पुढच्या 'ब'ला 'म' बनवले. त्यामुळे 'स्त्रियांचे' हे 'न मन' असे उच्चारले जाते. लेखनात मूळ 'ब' तसाच ठेवून त्याच्या आधी 'म' लिहितात. १९१४ मध्ये डब्लिनमध्ये स्थापन झालेल्या आणि आयरिश स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेल्या स्त्रियांच्या संघटनेचे नाव 'कुमन न मन', म्हणजे स्त्रियांचा संघ, असे होते. इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत हे नाव छापताना लहान 'एम'पुढे मोठा 'बी' येतो, आणि ती मुद्रणदोष वाटावी अशी जोडी वस्तुतः एका लुप्त प्रत्ययाची खूण आहे.

माणसे मोजण्याची आयरिश पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. दोन स्त्रिया म्हणताना संख्याविशेषण न लावता 'स्त्रियांची जोडी' अशी षष्ठी वापरतात. म्हणून 'बेर्त वन', आणि तीन असल्यास 'त्रूर बन'. सामान्य बोलण्यात षष्ठी अनेकवचन मागे पडत चालले असले तरी या रचनेत ते रोज ऐकू येते.

पश्चिम व उत्तर आयर्लंडच्या बोलींत 'म्ना'चा उच्चार 'म्रा' होतो. तेथे शब्दारंभीच्या व्यंजनानंतरचा 'न' सर्रास 'र' बनतो. स्कॉटिश गेलिकमध्येही तसेच होते. मॅन्क्समध्ये तर लेखनही उच्चाराप्रमाणे असल्याने 'बेन'चे अनेकवचन 'म्रान' असेच लिहितात. मॅन्क्स ही मातृभाषा असलेले शेवटचे वक्ते नेड मॅड्रेल १९७४ मध्ये वारले. पुढे भाषेचे पुनरुज्जीवन झाले आणि नव्याने शिकणाऱ्या मुलांनाही ही अनियमित जोडी पाठ करावी लागते. वेल्शमध्ये आणखी वेगळी गंमत घडली. तेथे 'बेनिउ' या शब्दाचा आद्यध्वनी मृदू झाला की 'व' होतो, पण 'म'ही मृदू झाला की 'व'च होतो. बोलणाऱ्यांनी 'वेनिउ' ऐकून मूळ शब्द 'मेनिउ' असावा असा उलटा तर्क केला, आणि आज स्त्री या अर्थी तो चुकीने घडलेला 'मेनिउ'च रूढ आहे.

समास, लिंग आणि अर्थ

'बन' हे निःस्वर अंगाचे रूप उपसर्गासारखे जोडून स्त्रीवाचक शब्द घडवण्याची रीत तिन्ही गेलिक भाषांत आहे. राणी म्हणजे आयरिश 'बनरीन'. यातील 'रीन' हा प्राचीन 'रीगन' असून तो संस्कृत 'राज्ञी'चा आणि म्हणून मराठी 'राणी'चा सगोत्र शब्द आहे. तो स्वतःच स्त्रीलिंगी असताना त्याला आणखी 'बन' जोडले गेले. आपल्याकडे 'राणीबाई' म्हणावे तसे हे झाले. विधवेसाठीचा 'बॅनत्रख' हा शब्द मुळात 'स्त्री' आणि 'घरधनी' यांचा समास. नवऱ्यामागे घर चालवणारी ती घरधनीण. विधवेच्या इतर भाषांतील नावांत उणेपणाचा सूर असतो, आपला 'विधवा' शब्दही ऐकणारा 'वि' म्हणजे 'विना' असाच समजतो. आयरिश शब्दात तिच्या हातातील घराचा उल्लेख आहे. पुढे व्युत्पत्ती इतकी विसरली गेली की विधुराला 'पुरुष-विधवा' म्हणण्यासाठी तोच शब्द षष्ठ्यन्त पुरुषवाचक नामासह वापरू लागले.

'बॅन' हा शब्द स्वतंत्रपणे दुसऱ्या नामाच्या षष्ठीशी जोडला की व्यवसायवाचक किंवा स्थानवाचक शब्द तयार होतात. घरधनीण ती 'घराची बॅन', सुईण ती 'गुडघ्याची बॅन', मृताच्या घरी आक्रोशगीत गाणारी ती 'आक्रोशाची बॅन'. इंग्रजीत गेलेला 'बॅन्शी' हा शब्द याच साच्यातला असून त्याचा अर्थ परीटेकडीवरील स्त्री. घराण्यातील मृत्यूची चाहूल देत ती रडते, अशी समजूत. इंग्रजीने दोन शब्द एकत्र शिवून टाकले आणि अनेकवचनाचा 'स' शेवटी लावला. आयरिशमध्ये अनेकवचन आरंभीच होते, 'म्ना शी'.

व्याकरणिक लिंगाच्या बाबतीत गेलिक भाषा भारतीय वाचकाला परकी वाटू नये. 'बॅन' स्त्रीलिंगी आहे, पण मुलगी या अर्थाचा 'कॅलीन' हा शब्द लघुत्वदर्शक प्रत्ययामुळे पुल्लिंगी आहे. स्कॉटिश गेलिकमध्ये 'बॅन'चा अर्थ बव्हंशी पत्नीपुरता संकोचला आणि स्त्रीसाठी 'बोरिनख' हा शब्द पुढे आला. तोही याच अंगापासून, 'स्त्रीजातीय' या विशेषणापासून घडलेला, आणि तोही पुल्लिंगी. दोन्ही शब्दांसाठी सर्वनाम मात्र स्त्रीलिंगीच वापरतात. संस्कृतमध्ये पत्नीवाचक 'भार्या' स्त्रीलिंगी, 'कलत्र' नपुंसकलिंगी आणि 'दार' पुल्लिंगी बहुवचनी, हे सर्वश्रुत आहे. मराठीत 'बायकोमाणूस' नपुंसकलिंगी चालते. स्त्री आणि पत्नी या दोन अर्थांची सरमिसळही दोन्हीकडे आहे. 'बायका' हे अनेकवचन एका घरातील पत्नी आणि गावातील समस्त स्त्रिया या दोहोंसाठी चालते, तसाच 'म्ना'. आयरिशमध्ये पत्नी हा अर्थ निःसंदिग्ध करायचा तर 'बॅन खेल्या', म्हणजे सोबतीण स्त्री, असे म्हणावे लागते.

विवाहित स्त्रीच्या पारंपरिक आयरिश नावात 'बॅन' शब्द कुलनामापूर्वी येतो आणि त्यापुढील कुलनाम षष्ठीत जाते. 'ओ' म्हणजे वंशज, त्याची षष्ठी 'ई', आणि नाव होते अमक्याच्या वंशजाची स्त्री. अविवाहित स्त्रीच्या नावातील 'नी' हे 'वंशजाची मुलगी' या शब्दांचे आखूड रूप आहे. दोन्ही परिस्थितींत ओळख पुरुषाच्या षष्ठीतून जाते. मराठी नावात मधल्या जागी वडिलांचे वा पतीचे नाव येते ते प्रत्ययाविना, इतकाच फरक.

राज्यघटनेतील 'अन व्हॅन'

आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेचा आयरिश आणि इंग्रजी असा दुहेरी पाठ आहे आणि दोहोंत विसंगती आढळल्यास आयरिश पाठ ग्राह्य धरावा, असे घटनाच सांगते. कलम ४१.२ मध्ये स्त्री आपल्या घरातील जीवनाद्वारे राज्याला आधार देते, अशा अर्थाचे विधान आहे. इंग्रजीत येथे स्त्रीवाचक शब्द उपपदाविना येतो, आयरिशमध्ये 'अन व्हॅन' असे उपपदासह एकवचन आहे. आयरिशमध्ये समस्त जातीचा बोध करून देण्यासाठी उपपदयुक्त एकवचन वापरतात, त्यामुळे येथे 'ती स्त्री' असा अर्थ नसून 'स्त्री ही' असा आहे. दुसरा भेद अधिक लक्षणीय. इंग्रजी पाठात 'घर' या अर्थाचा शब्द आहे, तर आयरिश पाठातील शब्द 'चायलख' असा असून त्याचा अर्थ कुटुंब, घरातील माणसे असा होतो. याच शब्दाचे त्या कलमाला शीर्षक आहे. चार भिंती आणि त्यांत राहणारी माणसे यांत जो फरक मराठीत 'घर' व 'कुटुंब' या शब्दांत आहे, तोच येथे दोन पाठांत पडला आहे. हे कलम बदलण्याचा प्रस्ताव ८ मार्च २०२४ रोजी जनमतासाठी ठेवण्यात आला. सुमारे ७४ टक्के मतदारांनी तो फेटाळला. घटनेतील वाक्य जसेच्या तसे राहिले आणि त्यासोबत 'अन व्हॅन' हा प्रयोगही.

२०२२ च्या जनगणनेत आयर्लंड प्रजासत्ताकात सुमारे १८.७ लाख लोकांनी आपणांस आयरिश बोलता येते असे नोंदवले. शिक्षणक्षेत्राबाहेर ती रोज बोलणारे मात्र सुमारे ७२ हजारच होते. उरलेल्या लाखो लोकांच्या रोजच्या जगण्यात या भाषेचे जे मोजके शब्द नियमाने डोळ्यांपुढे येतात, त्यांत दारावरचा 'म्ना' आहे. त्याच्या शेजारचा 'फिर' हा 'पुरुष' या अर्थाच्या शब्दाचे अनेकवचन असून त्याच्या मुळाशी तोच शब्द आहे ज्याचे संस्कृत रूप 'वीर' होय.